रोजच्या कपड्यांना आणि वस्तूंना जादुई काम सोपवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जादुई काम सोपवणे म्हणजे नेमके काय?

आपण रोज वापरतो त्या सदऱ्याला, बुटांना, पट्ट्याला, पाठपिशवीला किंवा किल्ल्यांच्या जुडग्याला नेहमीच्या उपयोगाबरोबरच एक ठरावीक आंतरिक काम नेमून द्यायचे आणि ती वस्तू अंगावर चढवताना किंवा हातात घेताना ते काम जाणीवपूर्वक जागे करायचे, एवढाच या शब्दांचा अर्थ येथे घेतला आहे. या कृतीला ‘वस्तू भारणे’ असा जुना शब्द आहे आणि पुढे तोच वापरला आहे. ताईत किंवा गंडा मुळात याच कामासाठी घडवलेला असतो. जॅकेट मात्र आधी थंडीसाठी असते आणि मग बाकी कशासाठी. रोजची वस्तू भारण्याची सारी रीत या फरकातून ठरते, कारण अशा वस्तूला तिच्या मूळ कामापासून तोडले की ती दोन्ही कामांतून जाते.

ही कल्पना ज्यांना परकी वाटते त्यांनी आपल्या बोलण्याकडे जरा लक्ष द्यावे. अवघड काम हाती घेताना आपण कंबर कसतो, बाह्या सरसावतो, पदर खोचतो. विसरू नये अशी गोष्ट असली की मनाशी खूणगाठ बांधतो. अनुभव आपल्या गाठीशी असतो. वस्त्राची हालचाल आणि मनाची हालचाल भाषेने कधीच एकत्र शिवून ठेवली आहे. आपण ती शिवण फक्त पुन्हा हाताने चालवायची आहे.

हे खरोखर चालते का?

काय चालते आणि काय चालत नाही हे वेगळे करूनच याचे उत्तर देता येते. भारलेला सदरा पाऊस थांबवत नाही, मुलाखत घेणाऱ्याचे मत परस्पर बदलत नाही आणि येणारी गाडी अडवत नाही. बदल होतो तो वस्तू वापरणाऱ्या माणसात: त्याचे लक्ष कुठे आहे, त्याचा श्वास कसा चालला आहे, ठरवलेली गोष्ट त्याला ऐनवेळी आठवते की नाही, यांत. माझ्या मते हे थोडे नाही, कारण ज्या प्रसंगांसाठी माणसे वस्तू भारतात त्यांपैकी बहुतेकांचा निकाल याच तीन गोष्टींवर लागतो.

संशोधनाचे चित्र संमिश्र आहे आणि ते तसेच सांगणे मला आवश्यक वाटते. हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकच पांढरा कोट काहींना डॉक्टरचा म्हणून आणि काहींना चित्रकाराचा म्हणून घालायला दिला होता. डॉक्टरचा कोट समजून तो घालणाऱ्यांनी सतत लक्ष देण्याच्या चाचणीत अधिक चांगली कामगिरी केली. पुढे २०१९ मध्ये याच मालिकेतील पहिला प्रयोग अधिक मोठ्या गटावर पुन्हा करण्यात आला, तेव्हा मूळ परिणाम आढळला नाही. गोल्फचा चेंडू ‘लकी’ आहे असे सांगितल्याने नेम सुधारतो, असे दाखवणाऱ्या २०१० च्या जर्मन प्रयोगाचेही २०१४ च्या पुनरावृत्तीत तसेच झाले. म्हणून नुसत्या ‘शुभ’ या लेबलावर फार भिस्त ठेवू नये.

याउलट, मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेला ‘जेव्हा अमुक घडेल तेव्हा मी तमुक करीन’ अशा स्वरूपाचा संकल्प अधिक भक्कम पायावर उभा आहे. २००६ मध्ये ९४ स्वतंत्र चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा अशा संकल्पाने ठरवलेली गोष्ट प्रत्यक्षात उतरण्यास मध्यम ते मोठ्या प्रमाणात मदत होते असे दिसले. बटण लावणे, नाडी आवळणे, चेन ओढणे हे सगळे रोज न चुकता येणारे ‘जेव्हा’ आहेत. खाली दिलेली पद्धत मी याच जागेवर उभारली आहे.

माणसे अशा गोष्टींकडे केव्हा वळतात, याबद्दल मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिअंड बेटांवर केलेले निरीक्षण आजही उपयोगी पडते. खाजणाच्या शांत, भरवशाच्या पाण्यात मासेमारी करताना तेथील लोक जादूचा आधार घेत नसत. खुल्या समुद्रात, जेथे धोका होता आणि हाती काय लागेल याची खात्री नव्हती, तेथे मात्र मासेमारीभोवती विधींचे मोठे जाळे होते. हे मासेमार कुशल होते आणि जादूसाठी त्यांनी कौशल्य सोडले नव्हते. कौशल्याची हद्द संपून अनिश्चितता सुरू होते त्या रेषेवर त्यांचा विधी उभा होता. आपणही वस्तू भारावी ती त्याच रेषेवर.

कोणत्या वस्तूला कोणते काम द्यावे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो, आणि बहुतेकांची गल्लतही येथेच होते. नियम एकच आहे: वस्तू जे काम आधीपासून करते तेच काम तिला मनाच्या पातळीवर करायला सांगावे. बूट चालवतो आणि जमिनीशी जोडतो. पट्टा धरून ठेवतो. खिसा जपतो. बटण दोन बाजू जुळवते. चष्मा स्पष्ट दाखवतो, छत्री आपल्याभोवती कोरडी जागा राखते, किल्ली आतले आणि बाहेरचे वेगळे करते. हे काम ओळखता आले की अर्धी जादू तेथेच झालेली असते.

प्राचीन काळच्या वस्तू पाहिल्या की ही दृष्टी किती जुनी आहे ते कळते. इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या १९२२ मध्ये सापडलेल्या थडग्यात अशी पादत्राणे होती, की ज्यांच्या तळव्यांवर, पाय जेथे टेकतो नेमक्या त्या जागी, बांधलेल्या शत्रूंच्या आकृत्या काढल्या होत्या. राजा चालू लागला की प्रत्येक पावलागणिक शत्रू तुडवला जाई. पादत्राणाला तुडवण्याखेरीज वेगळे काही करायला सांगितलेले नाही. फक्त काय तुडवायचे ते ठरवून दिले आहे. उत्तर युरोपातील खलाशांच्या समजुतींत दोरीच्या तीन गाठींत वारा बांधून ठेवलेला असे: पहिली गाठ सोडली की झुळूक, दुसरी सोडली की चांगला वारा आणि तिसरी सोडली की वादळ. गाठ धरून ठेवते आणि सुटली की धरलेले मोकळे करते, हे तिचे रोजचेच काम.

माझी स्वतःची चूक सांगते. कित्येक महिने मी एका रुमालाला ‘धैर्य’ हे काम दिले होते आणि बैठकीला जाताना तो मुठीत धरून बसत असे. त्याने काहीही झाले नाही, रुमाल चुरगळला एवढेच. रुमाल धीर देत नाही, रुमाल पुसतो. एक बैठक संपून दुसरी सुरू होण्याआधी तळहात आणि कपाळ त्याने सावकाश पुसायचे आणि मागच्या खोलीतील बोलणे तेथेच पुसून टाकायचे, असे काम त्याला दिल्यावर तोच रुमाल पहिल्या दिवसापासून कामाला लागला.

पाठपिशवीची चेन दिवसाचे काम बंद करण्यासाठी उत्तम, कारण तिला आवाज आहे आणि कानाला तो आवाज ओळखीचा होतो. मोजे दिवसाच्या सुरुवातीसाठी चांगले. हातमोजे सांभाळून वापरण्याच्या, नाजूक हाताळणीच्या संकल्पासाठी नेमावेत. टोपी आणि गळ्याभोवतीचे कापड दिवसभरात इतक्या वेळा काढले-घातले जाते, की त्यांना मोठे काम दिल्यास ते पातळ होते. अंगठी, घड्याळ यांसारख्या सतत अंगावर असणाऱ्या वस्तूंची अडचण उलटी आहे: त्या जाणवेनाशा होतात. त्यांना काम द्यायचे असेल तर ते स्पर्शाशी जोडावे, म्हणजे घड्याळ नुसते हातात असणे पुरेसे न मानता त्याच्या काचेवर अंगठा टेकवणे ही खूण ठरवावी.

काम सोपवण्याची पद्धत कोणती?

आधी वाक्य लिहावे. ‘मला यश मिळो’ हे वाक्य उपयोगाचे नाही, कारण त्यात वस्तू काय करते आणि आपण काय करायचे आहे हे दोन्ही नाही. ‘मी हे वरचे बटण लावते तेव्हा मी सावकाश बोलते’ हे वाक्य उपयोगाचे आहे. ते वर्तमानकाळात असावे, एका श्वासात म्हणता यावे आणि त्यातील क्रिया आपल्या हातची असावी. ‘लोक माझे ऐकतात’ ही क्रिया लोकांच्या हाती आहे. ‘मी वाक्य पुरे करून थांबते’ ही आपल्या हाती. वाक्य जमेपर्यंत वस्तूला हात लावू नये, मग त्यात दोन दिवस गेले तरी चालतील.

त्यानंतर वस्तू स्वच्छ करून तिची डागडुजी करावी. सैल बटण घट्ट करणे, उसवलेली शिवण शिवणे, बुटाच्या तळव्यातील खडे काढणे ही तयारी विधीच्या आधीची आहे असे मी मानत नाही; तोच विधीचा पहिला भाग आहे. ज्या वस्तूचा खिसा फाटलेला आहे तिला काही जपायला सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

मग खूण करावी. माझ्याकडे एक राखाडी जॅकेट आहे. त्याच्या डावीकडील आतल्या खिशाच्या तोंडाशी, अस्तरावर, मी निळ्या सुती दोऱ्याचे पाच टाके घातले आहेत. अस्तराचे कापड निसरडे असते आणि सुई त्यावरून घसरते, म्हणून मी ते डाव्या तर्जनीवर ताणून धरले आणि उलटी टीप घातली: सुई पुढे काढायची, एक टाका मागे न्यायची, पुन्हा पुढे काढायची. धावदोरा ओढला तर सरकतो. उलट्या टिपेत मात्र प्रत्येक टाका आधीच्या टाक्याला धरून बसतो. दर टाक्याला एक उच्छ्वास आणि एकदा वाक्य, असे पाच वेळा केले. शेवटी दोरा न गाठाळता तीन बारीक टाक्यांखालून फिरवून कापला. बाहेरून काहीच दिसत नाही, पण खिशात हात घातला की मधल्या बोटाच्या टोकाला पाच बारीक उंचवटे लागतात, आणि अंधारातही ते मोजता येतात. मोजून होईपर्यंत श्वास खाली आलेला असतो.

ज्यांना शिवता येत नाही त्यांनी बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावून घ्यावे, किंवा सुती फितीच्या तुकड्यावर कापडावर लिहिण्याच्या पेनने एक शब्द लिहून, पेनवरील सूचनेप्रमाणे इस्त्रीने तो पक्का करून, आतून जोडावा. कागदाची चिठ्ठी खिशात ठेवू नये. पहिल्याच धुलाईत तिचा लगदा होतो.

शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा सरावाचा आहे. भारलेली वस्तू पहिल्यांदाच मोठ्या प्रसंगाला घालून जाऊ नये. किमान सात दिवस, घरी, मन शांत असताना ती घालावी, खूण करावी आणि वाक्यातील क्रिया प्रत्यक्ष करावी. शांतपणी जोडलेली गाठच घाबरलेल्या अवस्थेत टिकते.

विशिष्ट मुहूर्त, रंग किंवा चिन्ह आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या संग्रहात ऑटोमन राजपुत्र जेम याच्यासाठी केलेला एक तावीजी सदरा आहे. ग्रहांची स्थिती पाहून त्याचे काम १४७७ मध्ये सुरू झाले आणि तीन वर्षांनी, १४८० मध्ये, पूर्ण झाले. सदऱ्यावर पवित्र वचने आणि अंकांचे चौकोन अतिशय बारकाईने लिहिलेले आहेत. पुढे जेमला सिंहासन मिळाले नाही, ते त्याचा भाऊ दुसरा बायेझिद याला मिळाले आणि जेम १४९५ मध्ये परमुलखात, बंदिवासात वारला. त्या कारागिरांच्या निष्ठेपुढे मी मान लववते. पण मुहूर्ताने काम पक्के होते असे मात्र यावरून म्हणता येत नाही. आपल्याला घाई नसेल आणि कोणी मध्येच हाक मारणार नसेल अशी वेळ निवडावी.

रंगांचे अर्थ समाजागणिक बदलतात. तुमच्या आठवणीत ज्या रंगाला अर्थ आहे तो घ्यावा. दुसऱ्या समाजाची पवित्र चिन्हे, त्यांचा अर्थ आणि मर्यादा ठाऊक नसताना, शोभेसाठी उचलून कपड्यावर काढू नयेत. एक टाका किंवा एक रेघ पुरेशी असते.

नवी वस्तू घ्यावी की जुनी? दुसऱ्याने वापरलेली चालते का?

शक्यतो जुनी घ्यावी, आणि यासाठी काहीही विकत घेण्याची गरज नाही. ‘भारून देतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्या कोणाचीही गरज नाही, कारण या पद्धतीत भारण्याचे काम ज्याचे त्यानेच करायचे असते.

दुसऱ्याने वापरलेल्या कपड्याबद्दल वाटणारी ओढ किंवा नकोसेपणा खरा असतो. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी जादूचे दोन नियम मांडले होते: सारखे सारख्याला घडवते आणि एकदा संपर्कात आलेल्या गोष्टी दूर गेल्यावरही एकमेकींवर परिणाम करतात. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात आधुनिक शहरी माणसांतही हाच संपर्काचा नियम तपासला, तेव्हा नावडत्या व्यक्तीने घातलेला सदरा स्वच्छ धुतलेला असला तरी लोकांना तो नकोसा वाटतो असे आढळले. म्हणून वारशाने आलेला कपडा घेताना आधी स्वतःला विचारावे की तो घातल्यावर कोण आठवते, आणि त्या आठवणीने बळ येते की ओझे. ओझे येत असेल तर तो नीट घडी करून जपावा, पण कामाला लावू नये.

धुतल्याने परिणाम निघून जातो का?

नाही. काम वाक्यात आणि सरावात असते, मळात नसते. उलट धुऊन, वाळवून घडी घालताना वाक्य पुन्हा एकदा म्हणणे ही उजळणीची सोपी संधी आहे. काळजी घ्यायची ती दोऱ्याची: गडद लाल किंवा निळा दोरा वापरण्याआधी त्याचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून ठेवावा आणि रंग लागतो का ते पाहावे.

सुगंधी तेल कपड्याला लावण्याची अनेकांना इच्छा असते. तेलाचे डाग रेशमावरून आणि चामड्यावरून सहज जात नाहीत, आणि लिंबूवर्गीय फळांच्या सालीपासून काढलेली काही तेले त्वचेवर असताना ऊन लागल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. त्यामुळे तेल त्वचेला लागेल अशा जागी लावू नये.

हेल्मेट, दोर, जीवरक्षक जॅकेट अशी सुरक्षेची साधने भारता येतात का?

येथे मी अजिबात सूट देत नाही. सुरक्षेच्या साधनाला संरक्षणाचे जादुई काम देऊ नये. ते काम त्याचे कवच, पट्टे आणि योग्य माप करीतच असते. त्यावर आणखी एक संरक्षण चढवले आहे असे वाटू लागले की माणूस पट्टा सैल ठेवतो, जुना दोर आणखी एक हंगाम वापरतो, थोडा अधिक वेग घेतो. अमेरिकेतील मूळनिवासी लाकोटा लोकांनी १८९० मध्ये घातलेले, ‘भूतनृत्य’ या धार्मिक चळवळीचे सदरे बंदुकीच्या गोळ्या अडवतील अशी श्रद्धा होती. त्या वर्षीच्या २९ डिसेंबरला वुंडेड नी येथे अमेरिकी सैनिकांनी केलेल्या गोळीबारात त्यांची शेकडो माणसे मारली गेली, त्यांत स्त्रिया आणि मुले होती. या घटनेचा दोष मारणाऱ्यांचाच आहे, आणि आशेला जागा न उरलेल्या लोकांनी त्या सदऱ्यांत जे शिवले होते त्याचा मी आदर करते. तरीही कापडाकडून कवचाचे काम मागू नये, हे त्या प्रसंगानंतर कोणालाही वेगळे सांगावे लागू नये.

सुरक्षेच्या साधनाला तपासणीचे काम मात्र जरूर द्यावे. ‘मी हनुवटीखालचा पट्टा अडकवते तेव्हा मी दोन्ही बाजू बोटांनी चाचपते’ हे वाक्य मला सर्व भारलेल्या वाक्यांत श्रेष्ठ वाटते. साधनावर खूण मात्र करू नये. हेल्मेटच्या कवचावर रंग किंवा चिकटद्रव्य लावल्यास त्यातील द्रावकामुळे ते कमजोर होऊ शकते. गिर्यारोहणाच्या दोरावर किंवा कमरपट्ट्यावर सुई चालवणे, अनोळखी शाई लावणे धोक्याचे आहे. आणि जोराचा आघात झालेले हेल्मेट, वरून धड दिसत असले तरी, बदलावे लागते, मग त्यावर कितीही जीव असो. रेनकोटलाही सुई लावू नये, कारण प्रत्येक छिद्रातून पाणी आत येते.

फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्यांनी लोंबणारी फीत, दोरा किंवा साखळी अंगावर ठेवू नये. एमआरआय तपासणीला जाताना धातूची पिन, अंगठी, साखळी निमूट काढून ठेवावी. शिवलेली पिन आठवणीने सांगावी. भारलेली वस्तू औषधाच्या किंवा वैद्यकीय सल्ल्याच्या जागी कधीही ठेवू नये.

गणवेशात काही बदल करता येत नसेल तर?

तर खूण करू नये, फक्त कृती ठरवावी. गणवेशाचे शेवटचे बटण लावणे, ओळखपत्र गळ्यात घालणे, बुटाची दुसरी नाडी आवळणे, यांपैकी एक क्षण निवडून वाक्य त्याला जोडावे. रुग्णसेवेत, बंदोबस्तावर, लांब पल्ल्याच्या वाहनावर काम करणाऱ्यांना मी यापेक्षाही कामावरून सुटल्यानंतरचा क्षण निवडायला सुचवते. ओळखपत्र गळ्यातून काढताना ‘आजचे जे येथले आहे ते मी येथे ठेवते’ असे म्हणून ते दररोज त्याच जागी ठेवणे, एवढ्यानेही घरी जाणारी पावले हलकी होतात.

एकाच वस्तूला अनेक कामे देता येतात का?

एकच द्यावे. जॅकेटला दोन खिसे असतील तर फार तर दोन.

दुसऱ्यासाठी वस्तू भारता येते का? मुलांसाठी?

येते, पण त्या व्यक्तीला सांगून. कोणाच्या कपड्यात गुपचूप काही शिवणे, मग हेतू कितीही प्रेमाचा असो, मला योग्य वाटत नाही. त्या माणसाला ते सापडले की भीती वाटते, आणि भीतीने ही जादू सर्वांत लवकर विस्कटते. शिवाय वाक्य आणि सराव त्याचाच हवा, म्हणून आपण देऊ शकतो तो फक्त टाका. जपानमध्ये युद्धावर जाणाऱ्यांसाठी ‘सेन्निनबारी’ नावाचे पट्टे केले जात: हजार स्त्रियांनी लाल दोऱ्याचा एकेक टाका घालायचा. वाघाच्या वर्षी जन्मलेल्या स्त्रीला मात्र आपल्या वयाइतके टाके घालता येत, कारण वाघ हजार कोस जाऊन परत येतो अशी समजूत होती. त्या पट्ट्याने किती जण परत आले हे मोजण्याची बाब नाही. पण कमरेला हात लावला की हजार हात लागत, हे त्या कापडाचे काम मी खरे मानते.

मुलांच्या बाबतीत एक पथ्य कडकपणे पाळावे. ‘हे घातले नाहीस तर वाईट होईल’ असे कधीही सांगू नये. ‘शाळेत आठवण आली तर या बटणाला हात लाव, मीही त्या वेळी माझ्या बटणाला हात लावते’ असे सांगावे, आणि मग खरोखर लावावा.

वस्तू हरवली किंवा विसरली तर काय करावे?

माझी एक ओढणी प्रवासात राहून गेली. महत्त्वाच्या कामाच्या आदल्या दिवशी ते लक्षात आले आणि ती रात्र मी जवळजवळ जागून काढली. सकाळी उमगले की मला त्या कापडाची उणीव नव्हती, तर ते गळ्याभोवती दुमडताना घेतलेल्या तीन श्वासांची होती. श्वास हरवले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक भारलेल्या वस्तूला मी एक रिकाम्या हाताची खूण जोडून ठेवते: जॅकेट नसेल तर एका हाताचा अंगठा दुसऱ्या हाताच्या पाचही बोटांवरून मोजत नेते, म्हणजे पाच टाक्यांची आठवण हातातच राहते. ही पर्यायी खूण सरावाच्या पहिल्या सात दिवसांतच शिकावी.

वस्तू नसल्यास घराबाहेर पडणेच अशक्य होत असेल, खूण पुन्हा पुन्हा करूनही ‘नीट झाली नाही’ असे वाटत असेल किंवा तिच्यात दिवसाचा बराच वेळ जात असेल, तर ती वस्तू भारणे थांबवून मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. त्या ठिकाणी आणखी एखादा विधी सुचवणे हे अपायाचे ठरेल.

फाटलेल्या, विरलेल्या वस्तूचे काय करावे?

तिला निरोप द्यावा, नुसती टाकून देऊ नये. प्राचीन रोममध्ये मुलगे लहानपणी गळ्यात ‘बुल्ला’ नावाचा ताईत घालत आणि वयात आल्यावर तो उतरवून घरातील देवतांना अर्पण करीत. काम संपले हे सर्वांसमोर मान्य करण्याची ही पद्धत मला फार विचारपूर्वक घडवलेली वाटते. इंग्लंडमध्ये जुन्या घरांच्या चुलाण्यांत, भिंतींत आणि छपरांत दडवलेले झिजलेले बूट सापडत राहतात. नॉर्दॅम्प्टनच्या संग्रहालयाने ठेवलेल्या नोंदवहीत अशा हजाराहून अधिक नोंदी आहेत. ते बूट तेथे का ठेवले याचा लेखी खुलासा ठेवणाऱ्यांनी केलेला नाही, पण पायाचा आकार घेतलेली वस्तू सहज फेकवत नाही, ही भावना ओळखीची आहे.

माझी पद्धत साधी आहे. वस्तू शेवटची धुऊन वाळवावी. खुणेचा टाका उसवायच्या हत्याराने किंवा बारीक कात्रीने मागच्या बाजूने कापून दोरा एकेक टाका करीत मोकळा करावा, आणि वाक्य शेवटचे एकदा, भूतकाळात, म्हणावे: ‘मी हे बटण लावत होते तेव्हा मी सावकाश बोलत होते.’ कापड वापरण्याजोगे असेल तर ते पुसण्यासाठी घ्यावे किंवा, दोरा पूर्ण निघाला आहे याची खात्री करून, कोणाला द्यावे. दोऱ्याचा तुकडा दुसऱ्या वस्तूत लगेच घालू नये. मी तो सुयांच्या डबीत ठेवते आणि नव्या कपड्याची ओळख होऊन त्याचे खरे काम काय हे कळेपर्यंत तेथेच राहू देते.